एका सफरचंदाचं सायडर होत नाही



उन्हाळा उतरणीला लागला की कोकणात करवंदं, बोंडू, फणस एकामागून एक येतात. पाऊस टेकतो तोवर जांभळं झाडाखाली सडा घालतात. चार-सहा आठवड्यांत सगळं फळ येतं आणि तेवढ्यातच संपतं. बाजारात नेलं तर भाव पडलेला, नाही नेलं तर झाडाखाली कुजतं. मग विचारणा होते, "या फळाची वाइन करता येईल का? केली तर ती चांगली का होत नाही? एकदा गोड, एकदा आंबट, एकदा नुसता वास, असं का?"

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या शेतकऱ्यांना तो दोन-तीनशे वर्षं पडला होता. त्यांचं फळ सफरचंद आणि त्यांचं पेय सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली वाइनच. त्यांनी चुका केल्या, त्या चुकांची किंमत मोजली आणि हळूहळू दोन गोष्टी शिकले. पहिली, वेगवेगळ्या गुणांचा रस मोजून मिसळायचा. दुसरी, आंबवणारं यीस्ट ओळखून वापरायचं. हे शहाणपण कसं आलं ते बघू, म्हणजे आपल्या फळाकडे कसं बघायचं ते आपोआप कळेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे आणि वाइनही त्यात येते. तेव्हा हा लेख वाचून कुणी माजघरात पिंप भरायला घेऊ नये. ज्यांना रीतसर प्रक्रिया उद्योग काढायचा आहे, गटाने किंवा सहकाराने, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. ज्यांना नुसता रस, सरबत करायचं आहे त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

खायला नालायक, पण रसाला लायक

सॉमरसेट, डेव्हन, हेरफर्डशायर हे तिकडचे सफरचंदांचे जिल्हे. थंड, दमट हवा, त्यामुळे द्राक्ष नीट पिकत नाही; सफरचंद मात्र मुबलक. प्रत्येक शेतावर आमराई असावी तशी सफरचंदाची बाग असे. दगडी गोल चराटीत घोड्याने फिरवायच्या दगडी चाकाखाली फळ चिरडायचं, चोथा पेंढ्याच्या थरांत रचून दाबायचा आणि रस लाकडी पिंपात भरायचा. बाकी काम पिंपावर सोडून द्यायचं. शेतमजुराच्या रोजाचा काही भागही सायडरच्या रूपाने दिला जाई. ही पद्धत १८८७ सालच्या कायद्याने बंद झाली.

आता गंमत बघा. सायडरची उत्तम सफरचंदं आपण तोंडात घातली तर थुंकून टाकू. काही इतकी तुरट की जीभ सुकते, काही इतकी आंबट की दात शिवशिवतात. पण तीच पिंपात कामाची. ताटातलं चांगलं फळ आणि पिंपातलं चांगलं फळ एकच असतं असं नाही. आपल्याकडेही खायला मागे पडणारं आंबट करवंद किंवा तुरट जांभूळ रसाच्या मिश्रणात मोलाचं ठरू शकतं.

एकाच जातीवर भिस्त

सतराव्या शतकात हेरफर्डशायरमध्ये 'रेडस्ट्रीक' नावाच्या सफरचंदाचा मोठा बोलबाला झाला. लॉर्ड स्कुडामोर या जमीनदाराने ही जात पुढे आणली. जॉन इव्हलिन यांनी १६६४ साली 'पोमोना' नावाचा सायडरविषयीचा संग्रह छापला, त्यातही तिची वाखाणणी झाली. लोकांनी बागाच्या बागा एका जातीच्या लावल्या. पण पुढच्या शतकात ही झाडं खंगू लागली. १७९७ साली टॉमस अँड्रयू नाइट या हेरफर्डशायरच्याच बागायतदाराने पुस्तक लिहून सांगितलं की जुन्या नावाजलेल्या जाती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, बी पेरून नव्या जाती निवडा. जात माणसासारखी म्हातारी होते हे त्याचं म्हणणं पुढे शास्त्राला मान्य झालं नाही. पण नव्या जाती निवडायचा त्याचा सल्ला बरोबर होता. एका जातीवर सगळी भिस्त ठेवली की ती जात बसली तर धंदाही बसतो.

फ्रान्समध्ये त्याच काळात हेच शहाणपण वेगळ्या वाटेने आलं होतं. शँपेन भागातल्या ओव्हिलेर मठात दों पेरिन्यों हा साधू १६६८ पासून १७१५ पर्यंत कोठार सांभाळत होता. वाइनमधले बुडबुडे त्याने शोधले असं लोक सांगतात, ते खरं नाही. त्याचं खरं कसब होतं वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं दाबण्याआधीच चाखून, कोणतं कशात किती घालायचं हे ठरवण्याचं.

डेव्हनची पोटदुखी

आता एक दुःखाची गोष्ट. डेव्हन जिल्ह्यात सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, बद्धकोष्ठ होई, पुढे हातांतली शक्ती जाई. प्लिमथचे डॉक्टर जॉन हक्सम यांनी १७३९ साली या दुखण्याचं वर्णन लिहिलं आणि दोष सफरचंदाच्या आंबटपणाला दिला. लोकांनाही ते पटलं. वर्षानुवर्षं माणसं आपल्याच बागेच्या रसाने लुळी होत राहिली.

मग डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी साधा विचार केला. हेरफर्डशायरचे लोकही सायडर पितात, तीही आंबटच. मग तिथे हे दुखणं का नाही? त्यांनी दोन्हीकडच्या घाण्या पाहिल्या. डेव्हनमध्ये दाब-घाण्यांना शिशाचा पत्रा आणि दगडांच्या सांध्यांत ओतलेलं शिसं. हेरफर्डशायरमध्ये शिसं नाही. त्यांनी डेव्हनच्या सायडरमधून शिसं वेगळं काढून दाखवलं आणि १७६७ साली ते जाहीर केलं. बेकर स्वतः डेव्हनचेच, तरी त्यांच्यावर लोक चिडले, धंदा बुडवायला निघाला म्हणाले. पण शिसं काढल्यावर दुखणं हळूहळू ओसरलं.

यातून आपण काय घ्यायचं? आंबट रस धातू खातो. शिसं, तांबं, पितळ, लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेली भांडी, यांपैकी कशातही फळाचा रस आंबवू नका, साठवू नका. स्टेनलेस स्टील, काच किंवा अन्नासाठी प्रमाणित प्लास्टिकची भांडी वापरा. दुसरं म्हणजे, माल बिघडला की दोष फळाला द्यायची घाई करू नका. शेजारच्या गावात तो का बिघडत नाही हे आधी बघा.

मोजमाप आलं आणि अंदाज गेला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायडरचा दर्जा फार घसरला होता. १८९३ साली सॉमरसेटमधल्या बटली गावी रॉबर्ट नेव्हिल-ग्रेनव्हिल या जमीनदाराने आपल्या शेतावर प्रयोग सुरू केले. एफ. जे. लॉइड नावाचे रसायनतज्ज्ञ दर हंगामात येऊन रसातली साखर, आम्ल आणि टॅनिन मोजत. टॅनिन म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा. या कामातून १९०३ साली ब्रिस्टॉलजवळ लाँग अ‍ॅश्टन इथे फळं आणि सायडर यांची संशोधन संस्था उभी राहिली. ही संस्था पुढे बरोबर शंभर वर्षं चालली आणि २००३ साली बंद झाली.

या संस्थेत बी. टी. पी. बार्कर यांनी एक काम केलं, ते आजही उपयोगी आहे. शेकडो जातींची नावं घोकत बसण्यापेक्षा त्यांनी सगळ्या सफरचंदांचे चारच गट केले. रेघ दोन ठिकाणी मारली: आम्ल ०.४५ टक्के आणि टॅनिन ०.२ टक्के.

आम्ल जास्त, टॅनिन कमी, ते आंबट. आम्लही जास्त, टॅनिनही जास्त, ते आंबट-तुरट. आम्ल कमी, टॅनिन जास्त, ते गोड-तुरट. दोन्ही कमी, ते नुसतं गोड.

झालं! आता प्रत्येक शेतकऱ्याला कळलं की आपल्या बागेत काय आहे आणि काय नाही. ज्याच्याकडे डॅबिनेटसारखी गोड-तुरट जात भरपूर, त्याने शेजाऱ्याकडून आंबट रस घ्यायचा. किंग्स्टन ब्लॅकसारख्या एखाद्याच जातीत सगळे गुण बऱ्यापैकी जुळून येतात आणि ती एकटी चालते. बाकी बहुतेक जातींना जोडीदार लागतो. आपल्याकडे भाजीला एक मसाला पुरत नाही, तसंच हे.

मिश्रण चवीसाठी आणि राखणीसाठीही

मिश्रण करायचं ते चवीसाठी, असं आपल्याला वाटेल. पण बार्कर आणि हिलियर यांनी १९१२ साली दाखवून दिलं की त्यात याहून मोठी गोष्ट आहे. उन्हाळा तापला की गोडसर सायडरच्या पिंपांत एक रोग येई. रस अचानक फसफसे, दुधासारखा गढूळ होई आणि केळीच्या सालीसारखा वास मारे. हा रोग एका जंतूमुळे होतो हे त्यांनी ओळखलं. हा जंतू कमी आंबट रसातच माजतो, पुरेशा आंबट रसात त्याला थारा मिळत नाही. म्हणजे गोड रसात आंबट रस मिसळला की चव तर सुधारतेच, शिवाय पिंपाला राखणदार मिळतो.

आंबटपणा दोन प्रकारे मोजतात. एक आम्लाचे टक्के, ते जिभेला कळतात. दुसरा सामू, म्हणजे पीएच. तो जंतूंना कळतो. सामू जितका कमी, तितका रस सुरक्षित. सायडरवाल्यांचा नियम असा की सामू ३.८ च्या वर असेल तर काहीही करण्यापूर्वी त्यात आधी आंबट रस मिसळा. रस राखायला गंधकाचा डोस देतात तोही सामू पाहूनच ठरतो: सामू वाढला की डोस वाढवावा लागतो आणि एका मर्यादेपुढे तो उपयोगीच पडत नाही.

मिश्रणाचं गणित शाळेतलंच आहे. समजा, गोड रसात आम्ल ०.२ टक्के आहे, आंबट रसात १.० टक्का आहे आणि आपल्याला ०.५ टक्के हवं आहे. हवं त्यातून गोडाचं वजा करा: ०.५ उणे ०.२, राहिले ०.३. हे आंबट रसाचे भाग. आंबटातून हवं ते वजा करा: १.० उणे ०.५, राहिले ०.५. हे गोड रसाचे भाग. म्हणजे गोड ५ भाग आणि आंबट ३ भाग. पाच लिटर आणि तीन लिटर मिळून आठ लिटर रसात आम्ल बरोबर अर्धा टक्का येतं. आधी पेलाभर करून चाखा, मगच पिंपात ओता. कागदावर जुळलेलं मिश्रण जिभेलाही जुळलं पाहिजे.

पिंपात काम कोण करतं?

आता दुसरी गोष्ट, यीस्टची. रस आंबतो कसा हे शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत नव्हतं. आंबतो एवढंच ठाऊक. १६८० साली हॉलंडमध्ये लेवेनहूक यांनी भिंगाखाली बिअरमध्ये बारीक गोळे पाहिले. ते जिवंत आहेत हे १८३० च्या दशकात दोन-तीन शास्त्रज्ञांनी सांगितलं, पण मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची चेष्टा केली. १८५७ पासून पुढे लुई पाश्चर यांनी ते सिद्ध केलं. १८६३ साली फ्रान्सच्या बादशहाने त्यांना वाइन का बिघडते ते शोधायला सांगितलं. पाश्चर आपल्या आर्ब्वा गावी जाऊन बसले आणि त्यांनी दाखवून दिलं की चांगलं यीस्ट साखरेची वाइन करतं, तर इतर जंतू तिचा आंबूस, चिकट, कडू बिघाड करतात. त्यांचं वाइनवरचं पुस्तक १८६६ साली निघालं. दूध तापवून टिकवण्याची पद्धत आपण पाश्चर यांच्या नावाने ओळखतो; तिचा उगम या वाइनच्या कामात आहे.

पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. आपण निवडक बियाणं वापरतो, तशीच ही गोष्ट. स्वित्झर्लंडचे म्युलर-थुरगाउ यांनी १८९० च्या सुमारास ही पद्धत वाइनमध्ये आणली. आता दरवर्षी पिंप सारखं आंबू लागलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळवलेलं यीस्ट पुडीत मिळू लागलं आणि लहान कारखान्यालाही ते परवडू लागलं.

शुद्ध बियाण्याचा तोटा आणि मिश्र यीस्ट

पण बंधूंनो, शुद्ध बियाण्याचा फायदा जसा असतो तसा एक तोटाही असतो. सगळीकडे एकच यीस्ट वापरलं तर सगळ्यांची वाइन एकाच चवीची होते. जुन्या पिंपातली एखादी फार उत्तम वाइन निघे, तिची मजा पुडीच्या यीस्टमध्ये येईना. का?

अभ्यासकांनी पिंपातला रस रोजच्या रोज तपासला, तेव्हा कळलं की तिथे एक यीस्ट नसतंच, रांग लागलेली असते. फळाच्या सालीवरून आधी येतात लिंबाच्या आकाराची रानटी यीस्टं. ती पहिल्या दोन-चार दिवसांत भराभर वाढतात, फळाचा सुवास खुलवतात, पण मद्याचं प्रमाण थोडं वाढलं की दमतात. मग घाण्यातून, फडक्यांतून आलेलं खरं वाइनचं यीस्ट ताबा घेतं आणि काम शेवटास नेतं. जसं शेतात आधी चवळी येते आणि तिच्या जागी ज्वारी जोर धरते, तसंच.

पण रानटी यीस्टवर भरवसा नाही. त्यांतली काही व्हिनेगरसारखा आणि नखांच्या रंगासारखा उग्र वास आणतात. म्हणून शास्त्रज्ञांनी रानटीतली गुणी तेवढी निवडली. टोरुलास्पोरा नावाचं यीस्ट व्हिनेगरचा अंश कमी ठेवतं. लाखान्सिया नावाचं यीस्ट लॅक्टिक आम्ल तयार करून कमी आंबट रसाला आंबटपणा देतं. याउलट सिझोसॅकरोमायसिस नावाचं यीस्ट सफरचंदाचं मॅलिक आम्ल खाऊन जास्त आंबट रस मऊ करतं. हे यीस्ट १८९३ साली पूर्व आफ्रिकेतल्या तृणधान्याच्या बिअरमधून ओळखलं गेलं. तिथल्या स्वाहिली भाषेत बिअरला 'पोंबे' म्हणतात, तेच नाव त्याला मिळालं.

वापरायची पद्धत अशी: आधी हे निवडक यीस्ट घालायचं, एक ते तीन दिवसांनी मुख्य वाइनचं यीस्ट घालायचं. म्हणजे रानातली रांग आपण हाताने लावायची. २००० सालानंतर अशा मिश्र यीस्टच्या पुड्या बाजारात आल्या. शे-दीडशे वर्षांचा हा प्रवास बघा: आधी सगळी यीस्टं एकत्र, मग एकच शुद्ध, आता पुन्हा अनेक, पण ओळखून घेतलेली.

आपल्या फळांकडे येऊ

गोव्यात आणि तळकोकणात बोंडूचा रस आजही नैसर्गिक यीस्टवरच आंबतो. तो गाळून पहिला हुर्राक आणि पुढे फेणी निघते. या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकच्या द्राक्षांना नवी वाट मिळाली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली मानांकन मिळालं.

आता बार्कर यांची चौकट आपल्या फळांना लावून बघा. पिकलेला चिकू आणि केळं गोड, पण आम्ल फार थोडं. म्हणजे 'नुसतं गोड' गटात. एकट्याच्या रसाला चव फिकी आणि बिघडायची भीती जास्त. कोकम, लिंबू आंबट. जांभूळ आणि आवळा यांत आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही. म्हणजे चिकूला कोकमाचा जोडीदार, केळ्याला आवळ्याचा, असा विचार करता येतो. हे तयार सूत्र नाही. आपल्या मातीतल्या, आपल्या हंगामातल्या फळाचं आम्ल मोजूनच प्रमाण ठरवायचं. कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते मोजून मिळण्याची सोय असते, तिथे चौकशी करा.

वाइनचा विचार नसला तरी हरकत नाही. सरबत आणि रस यांनाही मिश्रणाचा हाच नियम लागू पडतो: गोडाला आंबटाची जोड द्या, म्हणजे चव उठते. विक्रीसाठी करायचं तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्या.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. परवान्याशिवाय वाइन करू नका. आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. घरगुती ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावणं, हे तर जिवावरचं काम आहे. त्याच्या जवळपासही जाऊ नका.

२. शिसं, तांबं, पितळ, लोखंड यांचा रसाशी संबंध येऊ देऊ नका.

३. फळाचे गट पाडा: गोड, आंबट, गोड-तुरट, आंबट-तुरट. आम्ल आणि सामू मोजा.

४. आंबवण्यापूर्वी मिश्रण करा. सामू ३.८ च्या वर असेल तर आंबट रस मिसळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. सडकं फळ टाकून द्या, फळ धुऊन घ्या, फडकी-भांडी निर्मळ ठेवा. मिश्र यीस्टने घाणीवर मात होत नाही.

६. मिश्र यीस्ट वापरायचं तर ओळखीचं, विश्वासू ठिकाणचं घ्या. आधी लहान पिंपात करून बघा आणि तारखेसह टिपण ठेवा.

डेव्हनच्या शेतकऱ्याने दोष फळाला दिला आणि पिढ्यान् पिढ्या सोसलं. बटलीच्या शेतकऱ्याने वही काढली, मोजलं आणि दहा वर्षांत त्यातून एक संस्था उभी राहिली. आपल्या झाडाखाली कुजणारं जांभूळ टाकाऊ नाही. त्याला जोडीदार मिळालेला नाही, एवढंच. यंदाच्या हंगामात एक वही घ्या. कोणत्या झाडाचं फळ आंबट, कोणत्याचं तुरट, कोणत्या तारखेला किती पिकलं, एवढं जरी लिहून ठेवलंत तरी पुढच्या वर्षी तज्ज्ञांकडे जाताना तुमच्या हातात काहीतरी असेल.